हात दाखवून

अंडं फुटलं नाही. नवऱ्याने ते यंत्राच्या बोटांत अलगद धरून एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ठेवलं आणि सगळ्यांकडे बघून हसला.

"हात दाखवून अवलक्षण व्हायला नको, म्हणून घरी सराव करत होतो," तो म्हणाला. "आठवडाभर आमच्याकडे नुसती अंडीच चालली आहेत."

विम्याचा माणूस हसला. हात बसवून देणाऱ्या मॅडमही हसल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या बायकोला काही हसायला जमलं नाही. तिने डाव्या हाताची बाही अंगठ्यापर्यंत ओढून घेतली. खोलीत चांगलंच उकडत होतं.

कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात सापडून त्याचा उजवा हात कोपराखाली गेला, त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून त्याच्या शर्टाची बटणं तीच लावायची. हा नवा हात महिनाभर वापरून बघायला मिळाला होता. उरलेल्या हाताचा एक स्नायू आवळला की बोटं मिटायची, दुसरा आवळला की उघडायची. तो कायमचा मिळणार की परत जाणार, ते आज ठरायचं होतं. साध्या चिमट्यावर भागत असेल तर पाच बोटं वेगवेगळी हलवणाऱ्या पंजाचं बिल आम्ही का भरायचं, असं विम्याच्या माणसाचं म्हणणं. मनगटाचं बिल वेगळं, पंजाचं वेगळं, आणि प्रत्येकाला कारण हवं.

बायकोच्या मनात वेगळंच चाललं होतं. पंजात बिघाड निघू दे, एवढंच ती घोकत होती.

चार दिवसांपूर्वी स्वयंपाकघरात शब्दाने शब्द वाढला होता. ती जायला वळली, आणि त्या पंजाने तिचं मनगट धरलं. "मी नाही गं, यंत्राने केलं," तो नंतर म्हणाला. रडलासुद्धा. तिने विश्वास ठेवला, निदान ठेवायचा असं ठरवलं. यंत्र दुरुस्त करता येतं. माणसाचं काय करायचं, ते तिला माहीत नव्हतं.

"मनात नसताना कधी आपोआप मिटतो का?" विम्याच्या माणसाने विचारलं. "तसं होत असेल तर ताबा नाही असं धरावं लागेल. मग मंजुरी नाही."

"छे! एकदाही नाही," नवरा म्हणाला. "माझ्या शब्दाबाहेर नाही तो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"आणि चुकून मिटलाच, तरी काही लागलं की थांबतो," मॅडम कौतुकाने म्हणाल्या. "त्याहून जास्त दाबायचं तर स्नायू पुन्हा आवळून धरावा लागतो. म्हणून तर अंडं टिकतं."

त्या दिवशीही पंजा एकदा थांबला होता. तिला स्पष्ट आठवलं. थांबला होता, तिला वाटलं सुटले, आणि मग तो पुन्हा आवळला.

मॅडमनी आत साठलेल्या वापराच्या नोंदी बघायला पंजा मागून घेतला. नवऱ्याने डाव्या हाताने तो फिरवून काढला आणि टेबलावर ठेवला.

"घरच्यांचं काय म्हणणं?" विम्याच्या माणसाने तिच्याकडे मान वळवली.

"सांग ना गं," नवरा गोड आवाजात म्हणाला. "घाबरतेस काय?"

हा गोड आवाज घरी पोचेपर्यंत टिकत नाही, हे तिला ठाऊक होतं. घर इथून दोन रस्ते पलीकडे होतं.

"हात चांगला आहे," ती म्हणाली. "त्याच्यात काहीच दोष नाही."

नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

ती उठली. टेबलापाशी आली. मग तिने बाही कोपरापर्यंत वर सारली आणि मनगट पंजाशेजारी ठेवलं. चार बोटांचे चार काळेनिळे डाग ओळीत होते आणि पलीकडच्या बाजूला अंगठ्याचा, सगळ्यात मोठा.

मॅडमनी एकदा डागांकडे पाहिलं, एकदा पंजाच्या बोटांकडे. त्यांनी अंड्याची वाटी बाजूला सरकवली.

"तुम्ही जरा बाहेर बसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

सवयीने त्याचा डावा हात पंजाकडे गेला.

"तो राहू दे इथेच."