कोरी बशी

आपल्या घशात व्हायरस नको, बॅक्टेरियाच निघू देत, म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस थोरलीनं लॅबमधल्या बारा वर्षांत पहिल्यांदाच पाहिला, आणि तो नेमका तिचा बाप होता.

कारण साधं होतं. धाकटी रविवारी महिन्याच्या बाळाला घेऊन येणार होती आणि सोमवारी पार लांब, नवऱ्याच्या नोकरीच्या गावी जाणार होती. मग वर्षभर भेट नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की बॅक्टेरिया असतील तर गोळ्या सुरू केल्यावर दिवसभरात दुसऱ्याला लागण व्हायची थांबते. व्हायरस असेल तर त्या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. पूर्ण बरं वाटेपर्यंत बाळापासून लांब राहायचं. घसा काय, दोन्हींत लालच दिसतो.

मंगळवारी थोरलीनं बाबांच्या घशात कापसाची काडी फिरवली, ती जेलीच्या बशीवर ओढली आणि बशी लॅबमधल्या उबदार कपाटात ठेवली.

गुरुवारी झाकण काढलं तर बशी कोरी. म्हणजे व्हायरस, असं कुणीही म्हणून मोकळं झालं असतं. थोरलीला ते पटेना. धडधाकट माणसाच्या घशातही निरुपद्रवी बॅक्टेरिया ठाण मांडून असतात. ते तरी उगवायला हवे होते, ते कुठे गेले? बाजूच्या सगळ्या बशा ठिपक्यांनी भरलेल्या, म्हणजे कपाटही ठीक, जेलीही ठीक. या नादात तिचा डबा तसाच राहिला.

घरी येताच तिनं विचारलं, "बाबा, कुठल्या गोळ्या घेताय?"

बाबांनी पेपर जरा वर धरला. "दाढ काढली तेव्हाच्या उरल्या होत्या. रविवारपासून घेतोय. म्हटलं, वेळ कशाला घालवा."

"मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"तू रागावली असतीस."

कोडं सुटल्याचा आनंद तिला झाला, नाही असं नाही. पण तो क्षणभरच टिकला.

"मग, होते का बॅक्टेरिया?"

"आता नाही कळायचं. असले तर गोळ्यांनी मेले. नसले तर व्हायरस आहे. बशी दोन्हींत कोरीच."

"आणि मी थांबलो असतो तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. "तर आज कळलं असतं. बॅक्टेरिया निघाले असते तर आजपासून गोळ्या, आणि रविवारी बाळ तुमच्या मांडीवर."

बाबांनी पेपरची घडी घालून ठेवली.

रविवारी बेल वाजली तेव्हा बाबांचा घसा अजून खवखवतच होता. थोरली काही म्हणायच्या आत बाबा उठले, आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली.