मी मागे पडत नव्हतो

मी अग्निशमन केंद्राच्या वॉचरूममधलं घड्याळ बोलतोय. आता मी त्या भिंतीवर नाही, पण ओळख तीच सांगणार. मी सूड घ्यायला बोलतोय हे आधीच सांगतो. माणसं पोटात एक ठेवतात आणि ओठावर दुसरं आणतात. मला ते जमत नाही. माझं जे काही आहे ते तोंडावरच असतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरी तबकडी, काळे आकडे, लाल सेकंदकाटा आणि पाठीत एक बॅटरी. दिसायला मी काही खास नाही. निवृत्त होताना एका जुन्या फायरमनने मला विकत घेतलं, स्टुलावर चढून स्वतः खिळा ठोकला आणि फोनच्या बरोबर वर मला टांगलं. रेडिओवरच्या ठोक्यांशी माझी वेळ जुळवली आणि बाकीच्यांना म्हणाला, "याच्याकडे बघून लिहा रे. अंदाजपंचे लिहू नका." मग तो पेढ्याचा रिकामा खोका उचलून घरी गेला.

माझं काम सोपं होतं. आग लागली की फोन येतो, त्याला तिथं वर्दी म्हणतात. वॉचरूमचा माणूस फोन उचलतो, मान वर करून माझ्याकडे बघतो, वहीत वेळ लिहितो आणि घंटा वाजवतो. बंब निघतो. आगीपाशी पोहोचला की वायरलेसवर "पोहोचलो" असा आवाज येतो. तेव्हा पुन्हा माझ्याकडे बघून दुसरी वेळ लिहायची, असा नियम आहे.

पण दुसऱ्या वेळी माझ्याकडे कुणी बघायचं नाही. वरच्या कार्यालयाला दर महिन्याला तक्ता जायचा आणि बंब सहा मिनिटांत पोहोचला पाहिजे अशी त्यांची अपेक्षा होती. मग रीतच पडली. फोन ठेवला की दोन्ही वेळा एकदमच लिहायच्या. नवीन माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी सांगायचे, "फार डोकं लावू नकोस. सहा टाक आणि मोकळा हो." बंब दारातून बाहेर पडायच्या आत वहीत आगीपाशी पोहोचलेला असायचा. मी डोक्यावर खरी वेळ दाखवत असायचो आणि माझ्या नाकाखाली हे खोटं लिहायचे. हा अपमान मी सात वर्षं सोसला.

मग ती सकाळ आली. आदल्याच आठवड्यात मला नवी बॅटरी घालून रेडिओच्या ठोक्यांशी पुन्हा जुळवलं होतं. अकरा वाजून चौदा मिनिटांनी फोन वाजला. वॉचरूमला एक सडपातळ, कमी बोलणारा फायरमन होता. पुढे त्याला सगळे मास्तर म्हणायला लागले, म्हणून मीही तेच म्हणतो. फोन गादीच्या कारखान्यातून होता. शेजारचा इस्त्रीवाला तळमजल्यावरून ओरडत होता. "जिन्यात धूर भरलाय. माझी बहीण वर खोळी शिवते. लवकर या."

मास्तरने माझ्याकडे बघून ११:१४ लिहिलं. शेजारी सवयीने ११:२० लिहिलं. घंटा दिली. माणसं धावत गॅरेजमध्ये गेली आणि तिथंच उभी राहिली, कारण गॅरेज रिकामं होतं. बंब साहेबांच्या नव्या घरी पाण्याची टाकी भरायला गेला होता. साहेब म्हणजे त्या केंद्राचे अधिकारी. वायरलेसवर ड्रायव्हरला हाका मारल्या. त्याने पाइप गुंडाळला, केंद्रावर परत आला, माणसं घेतली आणि गेला. "पोहोचलो" असा आवाज आला तेव्हा मी अकरा एकतीस दाखवत होतो. मास्तरने माझ्याकडे बघितलं. वहीकडे बघितलं. मग पेनाला टोपण लावलं.

बहिणीला खाली आणलं, पण तिच्यात जीव उरला नव्हता.

चौकशी झाली. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात बंब अकरा एकतीसला पोहोचलेला दिसत होता. वहीत अकरा वीस होतं. ज्या फोनवरून वर्दी दिली तो आगीत वितळला होता. फोन कंपनीकडून नोंद मागवावी असं कुणाला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल आणि गिळलं असेल. चौकशीला आलेले गृहस्थ माझ्याच खाली बसून चहा पीत होते. साहेबांनी हात वर करून माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे घड्याळ सर. अकरा मिनिटं मागे पडतं. केव्हाचं बदला म्हणतोय. वर्दी खरं तर अकरा पंचवीसची. आमची माणसं सहा मिनिटांतच पोहोचली."

इस्त्रीवाला दारात उभा होता. "धूर दिसल्या दिसल्या फोन लावला मी. सव्वाअकराही झाले नव्हते," तो म्हणाला.

साहेब उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून मऊ आवाजात म्हणाले, "दादा, अशा वेळी माणसाला भान राहत नाही. हातपाय गळतात. फोन करायला दहा मिनिटं गेली असतील. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

त्याने मनाला लावून घेतलं. मला बदनाम केलं ते केलंच, पण माझ्या नावावर त्या माणसाच्या गळ्यात बहिणीचं मरण बांधलं. त्याच दिवशी मी ठरवलं की माझ्याकडे बोट दाखवणाऱ्या या हाताचा बदला घ्यायचा. घड्याळाला हात उगारता येत नाही. चालत राहता येतं.

साहेबांना घाई होती. त्यांनी मला खाली उतरवलं. पाठीवर, बॅटरीच्या झाकणावरून आणि काटे फिरवायच्या चकतीवरून कागदाची पट्टी चिकटवली. तिच्यावर लिहिलं, "नादुरुस्त. अकरा मिनिटे मागे." खाली तारीख आणि सही केली. माझे काटे मागे फिरवायला ते विसरले. खोटं बोलताना माणूस सावध असतो, कागद करताना घाई करतो. मग मला खोक्यात घालून मागच्या कोठारात टाकलं. फाटके होज पाइप, ओले बूट, एक मोडकी शिडी आणि मी. अंधारात मी टिकटिक करत राहिलो. दर सेकंदाला एकच नाव घेत होतो, साहेबांचं.

साताठ महिने गेले. मग मास्तर त्या कोठारात येऊन बसू लागला. त्याने अग्निशमन सेवा व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं होतं आणि लिहायला दुसरीकडे कुठे शांतता नव्हती. उलट्या बादलीवर बसायचा, फळी मांडीवर घ्यायचा. पुढे बढती हवी तर हा अभ्यासक्रम लागणार होता आणि शेवटी एक प्रबंध. विषय त्याने निवडला होता, वर्दी ते आगमन यांतला वेळ.

बाहेरून बाकीचे टोमणे मारायचे. "मास्तर, पाणी मारायच्या आधी संदर्भसूची देऊ का?" कुणीतरी म्हणायचं, "त्याला हाक मारू नका रे, तो निष्कर्षावर आलाय." मास्तरचं पेन खरडत राहायचं. मला त्याची दया येत नव्हती. ज्या हाताने अकरा वीस लिहिलं तोच हात होता तो.

त्याच्या मार्गदर्शक एक बाई होत्या. दर शनिवारी दुपारी फोनवर बोलायच्या आणि दोन्ही हात लिहायला मोकळे राहावेत म्हणून तो फोन शिडीवर ठेवायचा. त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. पहिला मसुदा वाचून त्या हसल्या.

"चारशे बारा वर्द्या आणि त्यातल्या तीनशे नव्वद बरोबर सहा मिनिटांच्या? आग तुम्हाला विचारून लागते का हो?"

"वहीत तसंच आहे, बाई."

"वहीत आहे म्हणजे झालं आहे, असं नसतं. वही कोण लिहितं, कधी लिहितं, कशाकडे बघून लिहितं? आधी ते लिहा. आकडे नंतर."

ते लिहायला त्याला तीन आठवडे लागले. एक वाक्य पुटपुटत लिहायचा, खोडायचा. शेवटी "सहा टाक" ची सगळी रीत त्याने कागदावर आणली. खोक्यात मी कान टवकारले. पण त्या सकाळच्या आगीपाशी आला आणि कच खाल्ली. खाली बारीक अक्षरात तळटीप दिली, की घड्याळ सदोष असल्याने ही नोंद अभ्यासातून वगळली आहे.

शनिवारी बाईंनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "घड्याळ सदोष होतं हे तुम्हाला कसं कळलं?"

"चौकशी अहवालात म्हटलंय."

"म्हटलंय, की तपासलंय?"

"फोन कंपनीकडे विचारा मग," त्या म्हणाल्या. त्याने विचारलं होतं. वर्षाच्या वरच्या नोंदी त्यांच्याकडे नव्हत्या. "आणि ते घड्याळ कुठं आहे?"

इतकी शांतता पडली की माझी टिकटिक त्याला ऐकू गेली. तो उठला. पाइप बाजूला केले, खोका काढला. चौदा महिन्यांनी मी उजेड बघितला आणि समोर पहिला चेहरा त्याचाच. त्याने मला मोबाइलवरच्या वेळेशेजारी धरलं. मी दोन मिनिटं पुढे होतो.

त्याने ड्रायव्हरला आत बोलावलं.

"काका, पाठीवर पट्टी बघा. फाटली आहे का कुठं?"

"नाही. साहेबांची सही आहे की."

"म्हणजे कुणी काटे फिरवले नाहीत. तेव्हा हे अकरा मिनिटं मागे असतं, तर पुढे कसं येईल?"

ड्रायव्हर शिडीला टेकला. "म्हणजे इस्त्रीवाला खरं सांगत होता."

"तुम्हाला माहीत होतं की. टाकीवर बंब तुम्हीच नेला होता."

"आणि तुला नव्हतं माहीत? लिहिलं कुणी?"

खरं सांगतो, ते शब्द मला बॅटरीपेक्षा जास्त ताकद देऊन गेले.

बाईंनी एवढ्यावर समाधान मानलं नाही. म्हणाल्या, एकदा बघणं म्हणजे योगायोग, तीस दिवस बघा. मग रोज सकाळी आठला तो मला सरकारी वेळेशी ताडून बघायचा आणि तक्त्यात लिहायचा. पट्टीला हात लावला नाही. ड्रायव्हरने रोज साक्षीची सही केली. पहिल्या दिवशी त्याचं पेन चालेना, तेव्हा त्याने दुसरं मागून घेतलं. तीस दिवसांत मी नऊ सेकंद पुढे गेलो. चौदा महिन्यांचा गुणाकार केला तर दोन मिनिटं येतात. म्हणजे ज्या दिवशी मला खोक्यात घातलं त्या दिवशी मी बरोबर होतो.

साहेबांच्या कानावर गेलंच. ते कोठाराच्या दारात येऊन उभे राहिले. मास्तर बादलीवरून उठला.

"बस, बस. विद्वान माणूस तू." त्यांनी मला बघितलं आणि नजर काढून घेतली. "बढतीच्या यादीत तुझं नाव मीच घातलंय, माहीत आहे ना? प्रबंध लिहायला सांगितलाय तर प्रबंध लिही. पंचनामे कशाला करतोस?"

"वगळायला कारण नाही राहिलं साहेब."

"कारण मी देतो. त्या पानावर अक्षर कुणाचं आहे? मी बुडालो तर तुझी मानगूट धरून बुडेन."

ते गेले. मी खूश होतो. मला दोघंही बुडायला हवे होते. मास्तर पुन्हा बादलीवर बसला. मग त्याने तळटीप खोडली आणि प्रकरणात वर, मोठ्या अक्षरात लिहिलं, "या दिवशी आगमनाची वेळ बंब निघण्यापूर्वीच लिहिली गेली. ती खोटी नोंद मी केली. बंब सतरा मिनिटांनी पोहोचला, कारण तो खासगी कामाला गेला होता." शेवटच्या वाक्याला त्याने पुरावा म्हणून ड्रायव्हरचा लेखी जबाब जोडला. मी त्याला माफ केलं असं समजू नका. माझ्या सुडाच्या यादीत त्याचा नंबर एकने खाली सरकवला, इतकंच.

दुसऱ्या दिवशी तो मला पिशवीत घालून वरच्या कार्यालयात निघाला. वाटेत इस्त्रीच्या दुकानापाशी थांबला. इस्त्रीवाला वाळला होता. त्याच्यापुढे गणवेशांचा ढीग होता आणि त्यात मास्तरचाही गणवेश होता.

मास्तरने ते पान पुढे केलं. इस्त्रीवाल्याने बोट फिरवत सावकाश वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे मी उशीर नव्हता केला."

"नाही. अकरा चौदाला फोन आला. मीच उचलला होता."

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. "सव्वा वर्ष तुम्ही इथं कपडे टाकताय."

"हो."

"दर आठवड्याला विचारता, दादा, बरं आहे ना."

मला वाटलं, आता हा तापलेली इस्त्री त्याच्या हातावर ठेवेल आणि ठेवावी असंही वाटलं. पण त्याने प्लग काढला. पिशवीतून मला बाहेर घेतलं, तबकडीवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली. "याच्यावर घातलं होतं ना त्यांनी सगळं? चला. मी पण येतो. तक्रार माझ्या नावाने द्यायची." दुकानाचं दार ओढताना मास्तरचा गणवेश त्याने ढिगातून काढला आणि चुरगळलेलाच त्याच्या हातात दिला.

मास्तर परीक्षा पास झाला. बढतीच्या यादीतून नाव गेलं आणि त्याच्यावरही चौकशी लागली. ड्रायव्हरची बदली झाली. साहेब निलंबित होऊन घरी आहेत, त्या भरलेल्या टाकीखाली. वॉचरूममध्ये माझ्या जागी नवीन घड्याळ लागलंय आणि माणसं आता दोनदा मान वर करतात, असं ऐकतो.

मी सध्या मोठ्या कार्यालयाच्या कपाटात आहे. साहेबांच्या पट्टीवर आता आणखी तीन सह्यांची पट्टी आहे. येत्या मंगळवारी सुनावणी आहे. मला टेबलावर ठेवणार आहेत आणि सर्वांसमक्ष साहेबांना विचारणार आहेत की यात किती वाजलेत ते वाचा आणि भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत तेही वाचा. त्यांना ते स्वतःच्या तोंडाने वाचावं लागेल. इस्त्रीवाला समोरच्या खुर्चीत असेल.

भीती एकच आहे. बॅटरी तीच जुनी आहे. पट्टी फाडता येत नाही म्हणून ती बदलता येत नाही. गेले दोन दिवस माझा लाल काटा नऊच्या आकड्यापाशी चढताना थरथरतो. तुम्ही माझं इतकं ऐकून घेतलंत, तर आणखी एक करा. माझ्यासाठी चार दिवस मागा. मला भिंत नको, खिळा नको. त्या साहेबांनी माझ्याकडे बघून खरी वेळ सांगितली की मग मी बंद पडलो तरी चालेल.