चादरीमागचे दोन अ‍ॅम्प्लिफायर

शनिवार, २१ नोव्हेंबर २०१५, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. बैठकीच्या खोलीत माणसे तीन, अ‍ॅम्प्लिफायर दोन आणि त्यांच्यापुढे ताणून बांधलेली निळी चादर एक.

दोहोंपैकी थोरला तारमास्तरांचा. तंत्रनिकेतनात हयात घालवलेल्या या गृहस्थांना ते नाव विद्यार्थ्यांनी दिले होते, कारण वाकडी वायर दिसली की शिकवणे थांबवून ते आधी ती सरळ करीत. अठरा किलोंचा हा ऐवज त्यांनी अडतीस वर्षांपूर्वी घेतला होता आणि त्यातले थकलेले कपॅसिटर दोनदा स्वतःच्या हातांनी बदलले होते. धाकटा अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या लेकीचा; नवा कोरा, जाडजूड पुस्तकाएवढा. लेक ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत कामाला होती. पुढच्या आठवड्यात मास्तर कायमचे तिच्याकडे राहायला जाणार होते, आणि तिथे स्पीकरची जोडी एकच होती.

"एका घरात दोन म्हातारे मला झेपायचे नाहीत," लेक म्हणाली. "आवाजावरून ओळखू आला, तर तुमचं धूड भंगारात."

"आणि नाही आला तर?"

"तर माझा दुकानात परत."

"मग तुझ्या नव्या डब्याचं रिकामं खोकं फेकू नकोस," मास्तर शांतपणे म्हणाले. "चांगला अ‍ॅम्प्लिफायर पदरचं काही घालत नाही. आलेलं गाणं मोठं करून पुढे देतो, बस. अडतीस वर्षांपूर्वीही त्याला एवढंच काम होतं."

सोळा फेऱ्या ठरल्या. बारा किंवा अधिक वेळा बरोबर ओळखले, तर लेक जिंकली. जरा मोठा आवाज कानाला नेहमीच गोड लागतो, म्हणून मास्तरांनी स्पीकरच्या टोकांना मीटर लावून दोहोंची पातळी आधीच तंतोतंत जुळवून घेतली होती. चादरीमागे नाणे उडवून जोडणी बदलायचे काम आत्याकडे, म्हणजे मास्तरांच्या धाकट्या बहिणीकडे होते. तिला दोन्ही डबे सारखेच नकोसे होते. इतका निःपक्षपाती पंच शोधून सापडला नसता.

पहिल्या सहाही फेऱ्या लेकीने अचूक ओळखल्या.

"कशावरून?" मास्तरांनी विचारले.

"गाणं सुरू व्हायच्या आधीच कळतं, बाबा. तुमचा गुणगुणतो."

"मालकावर गेलाय," चादरीमागून आत्या म्हणाली.

मास्तरांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी गाणी वाजवणाऱ्या प्लेअरकडून येणारी केबल काढली, गुणगुण थांबली. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष, चोर बाहेरचा. मग त्यांची नजर एका हिरव्या वायरवर गेली. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरना तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंग होतेच, आणि गाण्याच्या केबलमधून ते प्लेअरलाही मिळत होते. तरी काळजीपोटी सकाळी त्यांनीच प्लेअरपासून आपल्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत आणखी एक अर्थिंगची वायर ओढली होती. अर्थिंगला दोन वाटा मिळाल्या की त्यांचे वेटोळे बनते आणि त्यात विजेची घरघर शिरते. हा धडा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवला होता.

"अति तेथे माती, दादा," आत्या म्हणाली.

"मान्य. जास्तीची आहे, काढतो."

"हा रडीचा डाव झाला!" लेक उसळली. "सहा फेऱ्या माझ्या आहेत."

"वायरचा गुन्हा आणि फाशी अ‍ॅम्प्लिफायरला? थांब." मास्तरांनी प्लेअरची केबल आणि तीच हिरवी वायर तिच्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. प्लेअर बंदच होता. स्पीकरमधून तीच, तश्शीच गुणगुण आली.

लेक क्षणभर ऐकत राहिली. रोज याच कानांवर तिचे पोट होते; आता नाकारायचे कसे? "काढा ती वायर," ती म्हणाली. "पहिल्यापासून सोळा. पण यावेळी मी दयामाया दाखवायची नाही."

"मी मागितली कुठे?"

वायर निघाली, मीटर पुन्हा लागला, नाणे पुन्हा उडू लागले. लेकीने ओळखीची गाणी लावली, टाळीचा आवाज ऐकला, नुसता श्वास ऐकला. नवव्या फेरीपासून ती डोळे मिटून बसली. तेराव्या फेरीला "नवाच, शंभर टक्के!" म्हणाली, आणि चादरीमागे आत्याला खोकल्याची उबळ आली. मास्तर खुर्चीत ताठ बसून खिडकीबाहेर पाहत होते. वाट पाहणाऱ्या माणसासारखे मुळीच दिसत नव्हते.

शेवटची फेरी संपली. आत्याने चादर सोडली आणि बरोबर उत्तरांचा आकडा वाचला.

सोळापैकी आठ.