ओडानीजचा निळा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. माझ्या काठाला चीर गेली आहे आणि झाकण कधीच हरवले आहे. हैतीतल्या सें-मार्क गावात, क्लेमीन आजींच्या अंगणात मी पाणी धरून उभा असतो. येणारे-जाणारे माझ्यात तांब्या बुडवतात, माझ्याकडे मात्र कोणी बघत नाही. पण माझी उमेदीची वर्षे मायामीत गेली, आणि तिथली हकीकत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्यात खारवलेले ऑलिव्ह भरले होते. ते संपल्यावर मी रस्त्याकडेच्या दुकानात विक्रीला आलो. आजींच्या मुलीने, ओडानीजने, मला विकत घेतले आणि घासून घासून धुतले. वास काही जाईना. "राहू दे," ती हसून म्हणाली, "आईला तेवढाच परदेशचा वास!"

ओडानीज हॉटेलातल्या खोल्या आवरायची. तिची स्वतःची खोली एवढीशी, की मी तिथे मावेना. म्हणून शेजारच्या इसलांदमावशींच्या ओसरीवर माझी सोय झाली. परदेशी राहणाऱ्या आमच्या हैतीच्या लोकांत ड्रम एका दिवसात भरत नाही. या पगाराला तेलाचा डबा, पुढच्या पगाराला साबण, मग तांदूळ, मग भाचीचे शाळेचे बूट. गच्च भरला, की तो बोटीने गावाला जातो.

शनिवारी दुपारी त्याच ओसरीवर फ्रित्झनेरमास्तरांचा वर्ग भरे. ते बँकेतून निवृत्त झाले होते आणि आपल्या माणसांना पैशाचे व्यवहार फुकट शिकवत. माझ्या झाकणावर ते कागद पसरत आणि कोपर टेकत. मास्तरांचे टेबल होण्याचा मान मला मिळाला, याचा मला फार अभिमान होता.

"घरात रोकड ठेवू नका," मास्तर सांगत. "नुसत्या पासपोर्टावरही खातं उघडून देणाऱ्या बँका आहेत, मी दाखवतो. आणि तुम्ही नसाल तेव्हा पैसे काढू शकेल असं एक माणूस खात्यावर घ्या."

"नसाल म्हणजे? आत्ताच मारायला निघालात की काय, मास्तर?" मावशी फणकारल्या.

"मारत नाही हो. धरून नेलं तर, म्हणतोय."

 मावशी अमेरिकेच्या नागरिक होत्या, त्यांना भीती नव्हती. पण बाकीच्यांचे तिथे राहण्याचे परवाने त्या वर्षी संपत आले होते. पुढे काय होणार, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

ओडानीज मान डोलवायची, पण परवाना संपला की बँक पैसे अडकवते, असे तिने कामावर कोणाकडून तरी ऐकले होते. म्हणून धरपकड झालीच तर वकिलाला द्यायचे अठराशे डॉलर तिने मक्याच्या भरड्याच्या पिशवीत खुपसून माझ्या तळाशी ठेवले होते. ड्रम फक्त तीच भरणार, तीच पाठवणार, मग आणखी कुठे ठेवायचे, असा तिचा हिशेब. मास्तरांचे कोपर वर आणि पैसे खाली! मला हसू यायचे आणि धाकधूकही वाटायची.

डिसेंबरात मी काठोकाठ भरलो. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी हैतीत घरोघरी होणाऱ्या भोपळ्याच्या सुपाआधी ड्रम पोचला तर ओडानीजची आई किती सुखावेल, असे मावशींच्या मनात आले. त्यांनी पदरचे भाडे भरून गाडी बोलावली. ओडानीज कामावर असताना माझ्यावर सील ठोकले गेले, अंगावर आजींचे नाव लिहिले गेले आणि मी नदीकाठच्या गोदामात जाऊन पडलो. बोट सकाळी सुटणार होती. वाटेत ड्रमांतून काय काय नाहीसे होते, हे आम्हा ड्रमांना चांगले ठाऊक असते. मी घाबरून गेलो होतो.

ऊन कलायच्या आत ओडानीज धावत आली, हॉटेलच्या गणवेशातच. मागे मास्तर आणि धापा टाकणाऱ्या मावशी.

"पाठवणाऱ्याशिवाय कोणाला उघडू देत नाही," गोदामवाला म्हणाला.

पावती मावशींच्या हातात होती, पण त्या जागच्या हलेनात. "आधी सांग, आत काय आहे?"

"भरडा."

"भरड्यासाठी कोणी असं रडत नाही, बाई."

ओडानीजने मग सगळे सांगितले. मावशींचा चेहरा उतरला. "माझ्याच ओसरीवर ठेवलेस, आणि मलाच सांगितलं नाहीस? मी काय चोर आहे?"

"नाही गं मावशी. उद्या पोलीस मला शोधत आले नि तुलाच माझ्या पैशांचं विचारलं, तर तुला खोटं बोलायला लागू नये म्हणून."

 मावशींनी स्वतः सील तोडले, तेल, साबण, बूट बाहेर काढले आणि खांद्यापर्यंत हात घालून ती पिशवी ओढली. "धर. आणि सोमवारी मास्तरांबरोबर मुकाट्याने बँकेत जा. नाहीतर तुलाच ह्या ड्रमात घालून गावाला पाठवीन!"

"खात्यावर दुसरं नाव कोणाचं घालू?" मास्तरांनी विचारले.

"हिचंच," ओडानीज म्हणाली. "मला इथे दुसरं कोण आहे?"

मावशींनी तोंड फिरवून डोळे पुसले. मला पुन्हा सील झाले आणि मी सें-मार्कला आलो. आजींनी मला उघडले, तेव्हा सारी आळी गोळा झाली होती. भाचीला बूट बरोबर बसले. थोडे दिवस माझे कौतुक झाले, मग मी पाण्याचा झालो.

वसंतात एका सकाळी आजींचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांनी माझा काठ घट्ट धरला. ओडानीजला कामावर जाताना धरून नेले होते. मावशींनी दुसऱ्याच दिवशी खात्यातून पैसे काढून वकील उभा केला. अकरा दिवसांनी तिला सोडले होते.

"खटला अजून चालूच आहे, आई," फोनवर ओडानीजचा आवाज येत होता, "पण मी घरी आहे. मावशी मला दामटून जेवायला घालतेय."

फोन ठेवल्यावरही आजींचे हात माझ्या काठावरच होते. 

मित्रांनो, मला अधूनमधून घासा, शेवाळे साठू देऊ नका, एवढे तर कोणताही ड्रम मागेल. माझे मागणे आणखी एक आहे. जे जपून ठेवता, ते कुठे ठेवले आहे हे आपल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. मला सगळे ठाऊक होते, पण मला सांगता आले नाही. तुम्हाला सांगता येते.