न शेकलेली चावी

माझी लेक पियानो दुरुस्त करते. शाळेच्या पियानोत तारा ताणणाऱ्या खुंट्यांची डोकी झिजली होती. त्या फिरवायची तिची चावी त्यांवरून घसरायची. म्हणून मी कारखान्यातल्या दोन जुन्या पान्यांची तोंडं घासून त्या मापाची केली, लालबुंद तापवून तेलात बुडवली. मग सवयीने खिळ्याने ठोकून पाहिली. दोन्ही चाव्या ठणठणीत वाजल्या. एक लेकीला दिली, एक माझ्याकडे ठेवली. चाळीस वर्षं लेथ मशीनवर घालवलेला माणूस मी, मला कोण शिकवणार?

असं तेलात विझवलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं. मंद आचेवर पुन्हा शेकल्याशिवाय ते वापरायचं नाही, हे मी कारखान्यात घसा फोडून सांगायचो. आणि घाईत स्वतःच विसरलो. आज सकाळी माझ्याकडची चावी टेबलावरून पडली, दोन तुकडे झाले, तेव्हा आठवलं.

लेक खुंटीजवळ तोंड नेऊन काम करते. जोर लावताना चावी फुटली तर तुकडा सरळ डोळ्यात. फोन लावला, बंद. काम करताना तिला आवाज नको असतो.

सायकल कशी हाणली मलाच माहीत. शाळेच्या हॉलबाहेर पोचलो तर आत चिडीचूप. झालं, आपण पोरीला आंधळं केलं, असं वाटलं. दार ढकललं. ती पियानोवर वाकली होती, हातात चावी.

"सोड ती! सोड म्हणतो ना!"

ती दचकली. "अहो बाबा, ओरडताय काय? ही माझी जुनी आहे, कागद घालून घट्ट बसवलीय. तुमची पिशवीत आहे."

मी मटकन खाली बसलो. रडूच आलं. "का नाही वापरलीस?"

"ठोकून पाहिली. फुटक्या कपासारखी वाजली. आत चीर गेलीय."

"मला तर ठणठणीत वाटली."

तिने हातातली चावी खाली ठेवली. मग पियानोची शेवटची, सगळ्यात बारीक आवाजाची पट्टी दाबली. "हे ऐकू आलं?"

"तू वाजव तर आधी."

तिने मान खाली घातली. तिचं बोट पट्टीवर पुन्हा पुन्हा आपटत होतं.