बहिणीचं बोलणं

पडद्यावर नाव झळकलं आणि भाग्यश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. मराठी भाषांतर : शौनक आगाशे. बस्स, एवढंच. बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर मराठीतला गेम पाहायला जमलेल्या मंडळींनी टाळ्याही वाजवल्या.

भाग्यश्री यवतमाळची, नोकरीसाठी पुण्याजवळ मांजरीत राहणारी. हरवलेल्या बहिणीला कौलांवरून उड्या मारत शोधणाऱ्या, मोठ्या डोळ्यांच्या मुलीचा हा जुना जपानी गेम तिला कॉलेजात असताना सापडला, तो कुणा हौशी लोकांच्या इंग्रजी भाषांतरामुळे. त्यांनी शेवट तसाच सोडला होता. बहीण भेटते, काहीतरी बोलते, आणि ते जपानीतच. तेवढ्यासाठी ही बया जपानी शिकली. मग अख्खा गेम तिनं मराठीत आणला. ऑफिसातल्या शौनकनं तिची भाषांतराची फाइल गेममध्ये बसवून दिली आणि तिचं नाव गाळलं. विचारलं तर म्हणाला, अगं, दोन नावं स्क्रीनवर बरी दिसत नाहीत.

शौनक फाइल वाचत नाही आणि तिसऱ्या टप्प्यापुढे खेळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आजच्या कार्यक्रमासाठी त्यानं शेवटची फाइल मागितली, तेव्हा बहिणीचं बोलणं तिनं मुद्दाम जपानीतच ठेवलं.

स्पृहा नावाची एक पट्टीची खेळाडू पुढे बसून खेळत होती. ती बहिणीपाशी पोचली आणि पडद्यावर जपानी अक्षरं उमटली. कुणीतरी भाषांतरासाठी फोन धरून पाहिला, पण त्या जुन्या ठोकळेबाज अक्षरांपुढे फोनही गप्प.

"राहिलेलं दिसतंय," दुकानाचे मालक माधवराव म्हणाले. "असू दे. भाषांतर आपणच केलंय ना, शौनक? मग वाचून दाखवा."

शौनक पाणी प्यायला आणि फॉन्टची काहीतरी अडचण सांगू लागला.

"फॉन्ट राहू द्या. अर्थ सांगा."

त्याचा चेहरा पार उतरला. भाग्यश्रीला इतकं बरं वाटलं, की तसं वाटल्याची लाजही वाटली नाही. शेवटी त्यानं तिच्याकडे बोट दाखवलं आणि भाषांतर हिचं आहे, असं सगळ्यांसमोर कबूल केलं.

"आधी नाव लाव," ती जागेवरूनच म्हणाली. "मग सांगते."

त्यानं लॅपटॉप ओढला, 'भाग्यश्री' एवढं टाइप केलं आणि थांबला. दोन वर्षं तो तिच्या शेजारी बसत होता, तिच्या डब्यातली भाजी खात होता. मान वर न करता त्यानं हळूच विचारलं, "तुझं आडनाव काय गं?"

भाग्यश्रीनं पर्स उचलली आणि ती जिना उतरली. बहीण काय म्हणाली, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.