राखेत उरलेली धाव

मी एक जुनी धाव आहे, मित्रांनो. हातगाडीच्या लाकडी चाकाला जे लोखंडी कडे घालतात, ते मी. आमची गाडी कोंडीराम ओढायचा. सकाळी शिवडीच्या गोदामातून तांदूळ, मग रे रोडच्या वखारीतून जळाऊ लाकूड, आणि दोन्ही लालबागला आनंदीबाईंच्या खाणावळीत. तिथे चाळीस गिरणी कामगार जेवत. खोली एवढीशी, म्हणून बाई एका दिवसापुरतेच सामान ठेवत. त्यांचा सगळा भरवसा आमच्यावर होता, आणि मला त्याचा फार तोरा होता.

१९५६च्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला. हरताळात आपली गाडी कोणी जबरदस्तीने चालवू नये, म्हणून कोंडीरामने माझ्या जोडीचे दुसरे चाक काढले आणि रस्ता अडवायला लोकांनी रचलेल्या ढिगावर ठेवून दिले.

"एका दिसाचो हरताळ, बाय. उद्या चाक परत लावतंय," तो आनंदीबाईंना म्हणाला.

त्याच दिवशी दंगल उसळली आणि ढीग पेटला. चाक जळाले. वर संचारबंदी लागली, ती उठेना. तिसऱ्या दिवशी माणसे नुसते पाणी पिऊन भिंतीला टेकून बसली. तांदूळ शिवडीत, भूक लालबागेत, आणि मी खाणावळीच्या दारात एका चाकाच्या गाडीसकट कलंडलेली. माझा जीव तळमळत होता.

चौथ्या दिवशी संचारबंदी दोन तास सैल झाली. कोंडीराम धावत गेला आणि तांदळाचे पोते पाठीवर घेऊन आला. आनंदीबाईंनी पोते पाहिले, थंड चूल पाहिली आणि त्यांना रडू कोसळले.

"तांदूळ इले रे, पण शिजवू कशार? लाकडा पण तुझ्याच गाडयेवर येत होती ना!"

हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. शेजारीपाजारीही जळण उरले नव्हते. दोन तास संपत आले होते.

कोंडीरामने कुऱ्हाड मागितली. आधी गाडीच्या फळ्या चुलीत गेल्या, मग दांड्या, शेवटी माझे चाक. पहिला घाव घालताना तो मोठ्याने रडला.

भात झाला. चाळीस जण जेवले. कोंडीराम मात्र ताटापुढे नुसता बसून राहिला.

"उद्याचो तांदूळ कशावर आणू, बाय?"



मित्रांनो, तुमच्या ताटातला घास किती हातांतून, किती चाकांवरून येतो, ते एकदा विचारून पाहा. एखादे चाक काढण्याआधी पुढे कोण जेवायचे आहे, तेही पाहा. चाकाचे लाकूड जळून राखेत उरलेली मी अजून त्या खाणावळीच्या जिन्याखाली पडून आहे. कोणी नवे चाक करणार असेल, तर मला घेऊन जा. मी अजून पुरती गंजलेली नाही.